सांगलीच्या ‘संग्राम’ने अमेरिकेचे पैसे का नाकारले?

‘संग्राम’ म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था. मीना शेषू यांनी १९९२ मध्ये ती सांगलीत सुरू केली. काम होतं एड्स रोखण्याचं आणि सुरुवात झाली गोकुळनगरच्या वेश्यावस्तीतून. पुढे ते साताऱ्यासह पश्चिम महाराष्ट्रात आणि निपाणीकडच्या सीमाभागात पसरलं.

भारतात सरकारी दवाखान्यांतून एआरटी औषधं मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. म्हणजे पहिली बारा वर्षं कार्यकर्त्यांकडे होतं काय? निरोध, माहिती, टीबीसारख्या सोबतच्या आजारांवरचे उपचार आणि शेवटपर्यंतची सोबत. एवढ्यावर रोज त्याच दारात जायचं. या क्षेत्रात माणसं थकतात ती इथे.

निरोध वाटायचं काम वस्तीतल्या बायकांनीच हाती घेतलं. याला पीअर एज्युकेटर म्हणतात. त्यामागचं गणित साधं आहे. एकटीने निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जातं. सगळ्याजणींनी धरला तर त्याला जायला जागा उरत नाही. म्हणजे आरोग्यासाठी आधी एकी हवी. त्यातूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ म्हणजे ‘वॅम्प’ उभी राहिली. दवाखान्यातली वागणूक, पोलीस, आपसातली भांडणं हे विषय बायका स्वतः हाताळू लागल्या. ज्यांच्यासाठी काम सुरू केलं त्याच ते चालवू लागल्या, यापेक्षा मोठी कमाई अशा संस्थेला क्वचितच मिळते. मीना शेषू यांना २००२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचा पुरस्कार मिळाला, पण तो त्यामानाने लहानच म्हणायचा.

खरी कसोटी पैशांवरून लागली. २००३ च्या अमेरिकी कायद्यात एक अट होती: एड्ससाठी निधी हवा असेल तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण जाहीर करायचं. ज्या बायकांच्या जोरावर काम चालतं त्यांच्याच धंद्याचा लेखी निषेध करून परत त्यांच्या दारात कसं जायचं? २००५ मध्ये ‘संग्राम’ने हा निधी नाकारला. त्याच वर्षी ब्राझीलनेही याच अटीवरून सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. पण ब्राझीलमागे सरकारी तिजोरी होती. जिल्ह्यातल्या संस्थेमागे ती नसते.

वेश्याव्यवसाय हे मुळातच शोषण आहे, त्याला काम म्हणू नये, असं मानणारे कार्यकर्ते महाराष्ट्रातही बरेच आहेत आणि हा वाद मिटलेला नाही. मात्र सुटकेसाठी छापे पडले की बायका पांगतात. औषध घेणारी कुठे गेली ते कळत नाही आणि गोळ्या मध्येच थांबतात. हा तोटा वादात क्वचितच मोजला जातो.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट तिथल्या संस्थांपुरती रद्द केली. परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही, असं २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं.

इकडे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी या बायकांना पोलिसांनी सन्मानाने वागवावं, असा आदेश दिला. राहण्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेतल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्यांना आधार कार्ड द्यावं आणि कार्डावरून व्यवसाय ओळखू येऊ नये, हेही त्यातच आहे.