मिक्सराची हयात

पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारे पाथरवट मुंबईच्या गल्लीबोळांतून हिंडत होते, त्या काळी मोजक्या घरांत आलेले विलायती मिक्सर दूध-फळांचे काम बिनतक्रार करीत. परंतु भिजविलेली उडदाची डाळ, सुके खोबरे, दगडफूल हे आपल्या पाकशाळेतील नित्याचे जिन्नस त्यांच्या मोटरीस झेपत नसत. सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरीबाई यांचा जर्मन मिक्सर असाच निकामी झाला, तेव्हा माथुरांनी भारतीय वाटणाचा भार साहील अशी मोटर योजून १९६३ साली ‘सुमीत’ सिद्ध केला. आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासात मी या घटनेस फार वरचे स्थान देतो. कारण गृहिणीच्या मनगटांचे श्रम तिने हलके केले. या यंत्राच्या दीर्घ हयातीचे रहस्य मात्र, माझ्या मते, केवळ मोटरीच्या बळात नव्हते: झिजलेले कार्बनचे ब्रश व तुटलेला कपलर बदलता येई, पात्यांना धार लावून मिळे, आणि आर्मेचर जळालेच तर नाक्यावरचा कारागीर तांब्याची तार नव्याने गुंडाळून देई.