उटीची निलगिरी

१८४३ च्या सुमारास उटीत ऑस्ट्रेलियातला ब्लू गम, म्हणजे निलगिरी, लावला गेला तो शोभेसाठी नव्हे, सरपणासाठी. डोंगरावरची थंडी बोचरी, साहेबांच्या बंगल्यांत शेकोट्या धगधगत्या हव्यात आणि घळींतली शोला जंगलं तर कुऱ्हाडीखाली संपत चाललेली. हे झाड दहाएक वर्षांत तोडणीला येतं, बुंध्यातून पुन्हा फुटतं. सरपणाची ददात मिटली, उरल्यासुरल्या शोलांना उसंत मिळाली. पाला उकळून तेल काढण्याचा धंदाही उभा राहिला: खाली चूल, वर पानांनी ठासलेलं पिंप, नळीतून ठिबकणारं तेल.

पण लागवड पसरली ती गवताळ उतारांवर. तोडा जमातीच्या म्हशींची ही कुरणं सरकारी दप्तरात पडीक ठरली! झाडाला नावं ठेवणं सोपं, जागा मात्र माणसांनीच निवडली. फटका पाण्यालाही बसला. उटीजवळच्या ग्लेनमॉर्गनच्या पाणलोटात प्रत्यक्ष मोजमाप झालं, तेव्हा लागवडीपासून तोडणीपर्यंतच्या पहिल्या फेरीत ओढ्याचं पाणी १६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पुढच्या फेरीत, खोडव्याच्या वाढीत, सुमारे २५ टक्क्यांनी.

शेजारच्या कर्नाटकात निलगिरीचं भांडण गायरानावरून पेटलं. १९८७ मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला लोकांनी लगद्यासाठी लावलेली निलगिरीची रोपं उपटली आणि तिथं आपल्या कामाची झाडं लावली. निलगिरीच्या नव्या लागवडीवर राज्य सरकारनं बंदी घातली ती २०१७ मध्ये.