दुसऱ्या मालकाची बॅटरी

हायब्रिड मोटारीचा विषय निघाला की दोन प्रश्न हटकून येतात. बॅटरी किती वर्षे टिकते, आणि गेली तर किती खर्च? जुने संदर्भ चाळताना माझ्या लक्षात आले, की ही धास्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या मोटारी घेणारेही हाच हिशेब मांडत, कारण शिशाच्या बॅटऱ्या थोड्याच वर्षांत बदलाव्या लागत. थॉमस एडिसनने त्यावर निकेल-लोखंडाची बॅटरी काढली. तिची पहिली आवृत्ती गळू लागली, म्हणून १९०४ मध्ये उत्पादन थांबवावे लागले. सुधारलेली बॅटरी १९०९ च्या सुमारास आली. डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या मोटारीत ती हवी असेल तर ६०० डॉलर जादा पडत. १९१६ मध्ये फोर्डची अख्खी मॉडेल टी टुरिंग ३६० डॉलरला मिळू लागली होती! एडिसनच्या बॅटऱ्या पुढे दशकानुदशके टिकल्या. विजेची मोटार मात्र तोवर बाजारातून उठून गेली होती.

डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये प्रियस विकायला काढली, तेव्हा ताकेशी उचियामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हीच धास्ती होती. निकेल-मेटल हायड्राइड हे त्यांनी निवडलेले रसायन. ते मोटारीयोग्य करण्यात अमेरिकी संशोधक स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता, आणि पुढे त्यावरून पेटंटचे तंटेही झाले. पहिल्या प्रियसमध्ये टॉर्चच्या सेलसारखे दिसणारे २४० गोल सेल होते. २००० मध्ये त्यांच्या जागी चपटे आले आणि संख्या २२८ झाली. २००३ च्या प्रियसमध्ये ती १६८ वर उतरली.

या बॅटरीच्या दीर्घायुष्याचे श्रेय अनेकजण रसायनाला देतात. मला ते अर्धेच पटते. १६८ सेलच्या त्या बॅटरीची क्षमता जेमतेम १.३ किलोवॅट-तास, आणि त्यातलीही सगळी वापरायची नाही असा संगणकाचा दंडक. भरणा साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवायचा. पूर्ण भरायची नाही, पूर्ण रिकामी करायची नाही. आजारी माणसाला पथ्य सांभाळून जगवावे, तसे निरोगी बॅटरीला पहिल्या दिवसापासून पथ्यावर ठेवले.

दुसरे कारण कायद्याचे आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अमेरिकेत टोयोटाची बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची होती. कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने मात्र जवळजवळ शून्य प्रदूषणाच्या गाडीचे श्रेय हवे असेल तर बॅटरीची हमी १० वर्षे किंवा दीड लाख मैलांची द्या, अशी अट घातली. परिणाम असा, की बॅटरी तीच, कारखानाही तोच, पण राज्याची सीमा ओलांडली की तिच्या हमीचे वय दोन वर्षांनी वाढे.

प्रत्यक्षात काय झाले? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०११ मध्ये २००२ सालची, २ लाख मैलांहून अधिक धावलेली प्रियस तपासली. दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या जवळजवळ नव्या गाडीने गॅलनला ४०.६ मैल दिले होते, हिने ४०.४ दिले. बॅटरी मूळचीच होती. नवी घ्यायची तर विक्रेत्याकडे २२०० ते २६०० डॉलर पडत.

पण एका गाडीवरून निर्वाळा देणे धोक्याचे. ती गाडी भरपूर आणि सतत धावलेली होती, आणि बॅटरीला तेच मानवते. उन्हात महिनोन्‌महिने उभी राहिलेली, किंवा मागच्या सीटजवळची पंख्याची जाळी धुळीने नि कुत्र्याच्या केसांनी तुंबलेली गाडी लवकर दगा देते. सेल एकामागे एक जोडलेले असतात. मधले अधिक तापतात, आणि एक गट कमकुवत झाला की साऱ्या बॅटरीची गत तीच. म्हणून फक्त तो गट बदलून देणारे कारागीर निघाले. हे काम स्वस्त, पण जुन्या धोतराला नवे ठिगळ लावण्यासारखे: ताण शेजारच्या धाग्यावर येतो आणि काही महिन्यांनी तिथे फाटते.

खर्चाचा खरा भार कोणावर पडतो, हे इथे दिसते. नवी गाडी घेणारा बहुधा हमीच्या आत ती विकून मोकळा होतो. इंधन वाचेल या आशेने दहा वर्षांची गाडी घेणारा, बेताच्या कमाईचा दुसरा किंवा तिसरा मालक असतो. आणि नव्या बॅटरीचे बिल कधीकधी त्या गाडीच्याच किमतीला जाऊन भिडते. हमीचे करारपत्र त्याच्यासाठी लिहिलेलेच नसते.

आपल्याकडे हा प्रश्न अजून यायचा आहे. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्येही १६८ सेलची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे, आणि तिची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. पहिल्या गाड्या २०२३ च्या आरंभी ग्राहकांच्या हाती पडल्या. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची हमी २०३० च्या आसपास संपेल, आणि तोवर त्यांतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांच्या बाजारात उभ्या असतील.