माउलींच्या अश्वाचे पाय

हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व त्यात परंपरेने चालतात. एकावर स्वार असतो; दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगण झाले की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. पण आषाढातला चिखल घोड्याला बाधतो. पायाला सतत ओल राहिली की खुरावरची कातडी फुटते, जंतू शिरतात, खपल्या धरतात, घोडा लंगडतो. खपल्या ओरबाडू नयेत; कोमट जंतुनाशक पाण्याने मऊ करून काढाव्यात, पाय पूर्ण कोरडा करावा, घोडा कोरड्या जागी बांधावा. सूज दिसताच पशुवैद्यास बोलवावे. माती कपाळी लावणारे आपण पुष्कळ. मुक्कामी ते पाय पुसणारा मोतद्दार एखादाच. त्याची ती पूजाच होय.