डोमिसाईलचा दाखला आणि डॉक्टरीचे पुढील शिक्षण

बारावीचा निकाल लागला की तहसील कचेरीत डोमिसाईलच्या दाखल्यासाठी पालकांची रांग लागते. एम.बी.बी.एस.साठी हा कागद हवाच. परंतु पुढे एम.डी., एम.एस. करतानाही तो कामास येईल, असा अनेकांचा समज दिसतो. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी सत्तर वर्षांचा इतिहास चाळावा लागेल.

प्रारंभ इंदूरपासून करू. तेथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती; बाहेरच्यांस मात्र १,५०० रुपये भरावे लागत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की राज्यघटनेच्या १५ व्या कलमात जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. रहिवास ही निराळी गोष्ट आहे. राज्याचा पैसा राज्यातल्या मुलांवर खर्च व्हावा, यात न्यायालयास गैर दिसले नाही.

या निकालाचा आधार घेऊन राज्याराज्यांनी आपापल्या भोवती कुंपणे घातली. आंध्र प्रदेशात तर १९७३ च्या घटनादुरुस्तीनंतर राष्ट्रपतींच्या आदेशानेच स्थानिकांसाठी ८५ टक्के जागा ठेवण्यात आल्या.

दिल्ली विद्यापीठाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के स्वतःच्याच पदवीधरांसाठी राखल्या होत्या. मद्रासहून पदवी घेतलेल्या एका डॉक्टरला त्वचारोगाचा अभ्यासक्रम करावयाचा होता. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच्या प्रकरणात एक विचार मांडला: शिक्षणाची पायरी जितकी वरची, तितकी राखीव जागांची सवलत आखूड हवी. मला हा मुद्दा पटतो. गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर त्या भागातला असावा, हे समजते. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेला रोगी सर्जनचा रहिवासी दाखला पाहत नाही.

१९८४ च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी हा विचार पूर्णत्वास नेला. एम.बी.बी.एस.मध्ये रहिवासाला मर्यादित स्थान. पदव्युत्तर प्रवेशात मुळीच नाही. तेथे फक्त त्याच संस्थेत एम.बी.बी.एस. केलेल्यांना ५० टक्क्यांपर्यंत प्राधान्य देता येईल. न्यूरोसर्जरी, कार्डिऑलॉजी अशा अतिविशेष शाखांत तेवढेही नाही. पुढे १९८६ मध्ये अखिल भारतीय कोटा ठरला: एम.बी.बी.एस.ला १५ टक्के, पदव्युत्तरला २५ टक्के. हा दुसरा आकडा २००३ मध्ये ५० टक्क्यांवर नेण्यात आला.

आता कोणी म्हणेल, संस्थेचे प्राधान्य म्हणजे मागील दाराने रहिवासच नव्हे काय? बव्हंशी खरे आहे. राज्यातील मुलगा राज्यातच एम.बी.बी.एस. करतो व त्याच बळावर पुढे जातो. तरीही फरक आहे. परप्रांतातून गुणवत्तेवर आलेला विद्यार्थीही येथे शिकला की त्याच रांगेत उभा राहतो.

इतके असूनही कुंपणे राहिलीच. चंडीगडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राज्य कोट्याच्या ६४ पदव्युत्तर जागांपैकी ३२ रहिवाशांसाठी होत्या; आईवडिलांची पाच वर्षे मालमत्ता असली तरी मूल रहिवासी ठरे! ज्याच्या बापाचे घर भाड्याचे व बदलीचे, त्याने काय करावे? उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे नियम रद्द केले आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. भारतीयास अधिवास एकच, तो भारताचा, असे न्यायालयाने म्हटले. आधी प्रवेश मिळालेल्यांना मात्र धक्का लावला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही विभागवार ७०:३० ची पद्धत होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तेथील मुलांना ती जाचक होई. २०२० मध्ये शासनाने ती बंद केली.

तेव्हा पालकांनी दाखला अवश्य काढावा, एम.बी.बी.एस.च्या राज्य कोट्यासाठी. त्यापुढे नीट पी.जी.चे गुण पाहिले जातात आणि एम.बी.बी.एस. कोठून केले ते विचारले जाते.