बाळाला ऐकू येते का? टाळीपासून ‘बेरा’पर्यंतचा इतिहास आणि पालकांची पुढची पावले

मूल दोन वर्षांचे होत आले तरी बोलत नाही. घरातले म्हणतात, “मुलगे उशिराच बोलतात”, “याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता.” कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगते. कोणी मुलाच्या पाठीमागे स्टीलची ताटली आपटते, मूल वळून पाहते आणि सगळे निश्चिंत होतात. हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. मी ते माझ्याच नात्यात पाहिले आणि ताटली आपटणारा मीच होतो. महाविद्यालयात सिग्नल प्रोसेसिंग शिकवणाऱ्या माणसाला त्या चाचणीतली चूक लगेच कळायला हवी होती. ती कळेपर्यंत आठ महिने गेले.

या टिपणात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही हे ओळखण्याची विद्या कशी घडली, ही पहिली. तुमच्या घरातल्या मुलाबद्दल शंका आली तर काय करायचे, ही दुसरी. पहिली समजली की दुसरीतल्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते.

ताटलीची चाचणी का फसते?

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. जवळ आपटलेल्या भांड्याचा आवाज त्याहून कितीतरी मोठा असतो. ज्या मुलाची श्रवणशक्ती मध्यम प्रमाणात कमी आहे, त्याला भांडे ऐकू येते, पण आईचे बोलणे पुसटच पोहोचते. शिवाय ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा मुख्यतः उच्च वारंवारतेत असते आणि ती क्षीण असते. मुलाला फक्त खालच्या वारंवारता ऐकू येत असतील, तर दार आपटल्यावर ते दचकते, हाकेलाही कधी कधी ओ देते, पण शब्द त्याला अर्धेच मिळतात. त्यातच ताटली आपटताना जमीन हादरते, सावली हलते, समोर बसलेल्या आईचे डोळे तिकडे वळतात. मूल यांपैकी कशामुळे वळले, हे आपल्याला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट फसवते. जन्मतः ऐकू न येणारी बाळेही पहिले काही महिने हुंकार देतात, हसतात, गळ्यातून आवाज काढतात. त्यामुळे घरच्यांना सुरुवातीला शंकाही येत नाही.

मोजून केलेला आवाज

या अडचणींवर पद्धतशीर विचार इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे आयरीन आणि अलेक्झांडर यूइंग या दांपत्याने केला. त्यांचा याविषयीचा लेख १९४४ चा आहे. त्यातून पुढे रूढ झालेली चाचणी अशी होती : सात ते नऊ महिन्यांचे बाळ आईच्या मांडीवर बसते. समोरची व्यक्ती त्याचे लक्ष वेधून घेते. दुसरी व्यक्ती बाळाला दिसणार नाही अशा जागेवरून, बाजूने, हळू आणि ठरावीक पातळीचा आवाज करते. आवाज मंद ठेवणे आणि डोळ्यांची मदत काढून घेणे, या दोन्ही गोष्टी ताटलीत नसतात. ब्रिटनमध्ये आरोग्यसेविका ही चाचणी अनेक दशके करत होत्या.

तिची मर्यादा मात्र उघड होती. बाळाने मान सावरून वळले पाहिजे, म्हणजे पहिले सहा महिने हातचे गेले. बाळ झोपाळलेले असेल किंवा तपासणारी व्यक्ती नवखी असेल, तर निकाल चुकणारच.

अमेरिकेत डेन्व्हर येथे मॅरियन डाउन्स यांनी १९६० च्या दशकात नवजात बाळांवरच प्रयत्न केला. बाळाजवळ आवाज करायचा आणि पापणी हलते का, अंग दचकते का, हे पाहायचे. पण तेच बाळ पाहून दोन निरीक्षक दोन निष्कर्ष काढू लागले. १९६९ मध्ये तिथे तज्ज्ञांची संयुक्त समिती स्थापन झाली आणि तिने अशा सरसकट निरीक्षणाची शिफारस केली नाही. त्याऐवजी जोखमीच्या बाळांची यादी आली : कुटुंबात बहिरेपणा, जन्मतःचा संसर्ग, फार कमी वजन, तीव्र कावीळ. यादी उपयोगी होती आणि आजही आहे. पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या जवळजवळ निम्म्या मुलांत अशी कोणतीच जोखीम आढळत नाही. उरलेली मुले जाळ्यातून निसटत राहिली.

भारतात त्या काळी मदत मुख्यतः शाळेच्या रूपात होती. मुंबईत १८८५ च्या सुमारास आणि कोलकात्यात १८९३ मध्ये कर्णबधिर मुलांच्या शाळा सुरू झाल्या. मोठे काम होते ते. पण मूल शाळेत येणार पाचव्या-सहाव्या वर्षी, म्हणजे भाषा शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे सरल्यावर. श्रवणतज्ज्ञ घडवणारी अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था मैसूर येथे १९६५ मध्ये आणि अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झाली.

बाळाला न विचारता मिळणारे उत्तर

खरी वाट विजेच्या मापनातून निघाली. आवाज कानात गेला की श्रवणचेता आणि मेंदूचा खोडासारखा भाग पहिल्या दहा मिलिसेकंदांत सूक्ष्म विद्युत लहरी निर्माण करतात. या लहरी एका मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान असतात. डोक्यावरच्या त्वचेवर मेंदूचे इतर विद्युत काम त्याच्या कितीतरी पट मोठे असते. गर्दीच्या फलाटावर एखाद्याची कुजबूज ऐकण्यासारखे हे काम आहे.

यावरचा उपाय अभियांत्रिकीचे विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकतात : सरासरी. एकच ‘टिक्’ पुन्हा पुन्हा ऐकवायची आणि प्रत्येक वेळची नोंद एकावर एक रचून सरासरी काढायची. कानाचे उत्तर दर वेळी त्याच क्षणी येते, म्हणून ते टिकते. बाकीचा गोंगाट स्वैर असतो, म्हणून तो आपसात कटत जातो. गोंगाट नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. २००० नोंदी घेतल्या तर तो सुमारे ४५ पट घटतो. चेतासंस्थेच्या संकेतांसाठी सरासरी काढणारे यंत्र लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी १९५१ मध्ये दाखवले होते. डॉन ज्यूइट आणि सहकाऱ्यांनी १९७० आणि १९७१ मध्ये मेंदूच्या खोडातील या लहरींचे स्पष्ट वर्णन केले. हेकॉक्स आणि गॅलम्बोस यांनी १९७४ मध्ये बाळांमध्ये तिचा उपयोग दाखवला. आपल्याकडे डॉक्टर ज्या तपासणीला ‘बेरा’ म्हणतात ती हीच. बाळाने वळायचे नाही, सांगायचे नाही. त्याने फक्त झोपायचे.

दुसरी वाट अधिकच विलक्षण आहे. युद्धकाळात रडारवर काम केलेले थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये म्हटले की कान हा नुसता ग्रहण करणारा पडदा असू शकत नाही. आतल्या द्रवात कंपने इतकी दबली जातील की सूर वेगळे ओळखताच येणार नाहीत. म्हणजे कान स्वतः ऊर्जा घालून कंपने वाढवत असला पाहिजे, आणि तसे असेल तर त्यातून आवाज बाहेरही यायला हवा. तो आवाज टिपण्याइतके चांगले मायक्रोफोन तेव्हा नव्हते आणि ही कल्पना जवळजवळ तीस वर्षे बाजूला पडली. लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी तो प्रतिध्वनी टिपला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी निरोगी असतील तर टिचकीसारख्या आवाजानंतर काही मिलिसेकंदांनी कान उत्तर देतो. यावरच ‘ओएई’ ही काही मिनिटांची चाचणी उभी आहे.

दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. ओएई केसपेशींपर्यंतच पाहते, बेरा पुढे चेतेपर्यंत जाते. तीव्र कावीळ झालेल्या किंवा नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची ओएई ठीक येऊनही चेतेत दोष असू शकतो. म्हणून अशा बाळांची बेरा करून घेणे आवश्यक असते.

सहा महिन्यांचा आकडा कुठून आला?

यंत्रे आली, पण सर्वच बाळांना तपासण्याइतका लाभ आहे का, हा प्रश्न उरला. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या १५० मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा लक्षणीय चांगली होती. दोष सौम्य की तीव्र, यापेक्षा तो कधी कळला हे महत्त्वाचे ठरले. २००० साली संयुक्त समितीने पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार अशी दिशा दिली. ‘१-३-६’ हे सूत्र त्यातूनच रूढ झाले.

भारतात बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतील ठरावीक स्थिती येतात आणि श्रवणदोष व विकासातील विलंब त्यांत आहेत. अंगणवाडीत येणारे आरोग्य पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. २०१७ मध्ये ‘सोहम’ हे भारतीय बनावटीचे, बॅटरीवर चालणारे नवजात श्रवणतपासणी यंत्रही आले.

विकास मोजण्याची देशी परंपराही आहे. बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या कामातून भारतीय बाळांच्या विकासाची मानके तयार झाली. त्यांतल्या १७ बाबी निवडून केरळात एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्रिवेंद्रम तक्ता बनवला. तो अंगणवाडीतही काही मिनिटांत वापरता येतो.

शंका आली तर : क्रमाने काय करावे

१. खुणा लिहून ठेवा. सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडे न वळणे, नऊ-दहा महिन्यांपर्यंत ‘बाबा-दादा’सारखी बडबड नसणे, वर्षाच्या सुमारास नावाला प्रतिसाद नसणे, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द किंवा बोट दाखवणे नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे. आलेले शब्द कोणत्याही वयात जाऊ लागले, तर थांबूच नका.

२. पहिली तपासणी श्रवणाची. मोबाइलमुळे बोलत नाही, जिभेखालचा पडदा आहे, दोन भाषांमुळे गोंधळते, ही कारणे नंतर. बालरोगतज्ज्ञांना सांगून श्रवणतज्ज्ञांकडे जा. कान-नाक-घसा तज्ज्ञ कानातला मळ आणि पडद्यामागचे पाणी पाहतील.

३. जन्मावेळी चाचणी ‘पास’ असली तरी पुन्हा करा. काही दोष नंतर उद्भवतात. मेंदुज्वर झाला असेल तर तातडीने करा, कारण त्यानंतर आतल्या कानात हाड वाढू शकते आणि इम्प्लांट कठीण होते. उलट, पहिली चाचणी ‘नापास’ म्हणजे बहिरेपणा नव्हे. कानात द्रव असला तरी असे होते. फेरतपासणीची तारीख मात्र चुकवू नका.

४. एकाच चाचणीवर थांबू नका. ओएई, बेरा, मध्यकर्णाची तपासणी आणि मुलाचा प्रत्यक्ष प्रतिसाद, या सर्वांचा मेळ घालून निदान होते. अहवालांची फाइल ठेवा.

५. कान ठीक निघाले तरी काम संपले असे समजू नका. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून स्वमग्नता, बौद्धिक विकास आणि हालचाली तपासून घ्या. दोन अडचणी एकत्रही असू शकतात.

६. दोष निघाला तर श्रवणयंत्र लगेच लावा. ते पुरत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून २०१४ पासून त्याला साहाय्य मिळते. पात्रतेला वयाची अट असल्यामुळे चौकशी लवकर करा.

७. यंत्राची वाट पाहताना भाषा थांबवू नका. चेहऱ्यासमोर बसून बोला, हातवारे करा, चित्रे दाखवा. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि ती शिकल्याने बोलणे मागे पडत नाही. मुलाच्या मेंदूला हवी असते भाषा. ती कानातून आली की डोळ्यांतून, हा पुढचा प्रश्न.

या इतिहासात दर टप्प्याला वाट पाहण्याचा काळ कमी होत गेला : सहा वर्षांवरून नऊ महिन्यांवर, तिथून जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांवर. आमच्या नात्यातल्या त्या मुलाला आज दोन्ही कानांत यंत्रे आहेत. तो शाळेत जातो, भांडतो, गाणी म्हणतो. ‘स’ अजून जरा अडखळतो. ते आठ महिने त्याचे होते आणि आम्ही ते ताटली वाजवण्यात घालवले. तुमच्या मनात शंका असेल, तर याच आठवड्यात तपासणीची वेळ घ्या. शंका खोटी ठरली तर गेली एक सकाळ, एवढेच.