उमेदवारीची सात वर्षं : महाराष्ट्र फिल्म कंपनीत दिग्दर्शक कसे घडले?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला गेलात तर तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ दिसेल. आपल्याकडे चौकात पुतळे उभे राहतात ते माणसांचे. इथे मान मिळालाय एका यंत्राला. मला हे अगदी योग्य वाटतं. का, ते सांगण्यासाठीच आजचा लेख.

आधी प्रश्न नीट मांडू. १९२०च्या दशकात सिनेमा शिकवणारी शाळा आपल्याकडे नव्हती. तरीही व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर हे सगळे एकाच गावातल्या एकाच कंपनीतून दिग्दर्शक होऊन बाहेर पडले. ती कंपनी म्हणजे बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. हे घडलं कसं? ‘कोल्हापूरच्या मातीतच कला आहे’ हे उत्तर तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. पण मातीत ऊस येतो, दिग्दर्शक येत नाही. विज्ञानात एमएस्सी करून इतिहासाकडे वळलेल्या माझ्यासारखीला ‘प्रक्रिया काय होती?’ हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

तर सुरुवात यंत्रापासून. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे कलाकार. दोघांना सिनेमाचं वेड लागलं, पण परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला आणि तो खोलून अभ्यासला. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं काळीज एकच असतं : फीत पुढे ओढायची, क्षणभर थांबवायची, तेवढ्यात प्रकाश पडू द्यायचा, पुन्हा ओढायची. फरक एवढाच, की एकात प्रकाश बाहेर जातो आणि दुसऱ्यात आत येतो. म्हणजे प्रोजेक्टर समजला की कॅमेऱ्याचा अर्धा रस्ता पार. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांच्या मदतीने १९१८च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीसाठी भांडवल दिलं आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

आता मुद्द्यावर येऊ. जी कंपनी स्वतःचा कॅमेरा बनवते, तिथे ‘हे माझं काम नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. शांताराम १९२० मध्ये आले, पडेल ते काम करत गेले, १९२१च्या ‘सुरेखा हरण’मध्ये पडद्यावर दिसले आणि १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. दामले मूळचे पडदे रंगवणारे, ते यंत्राकडे आणि छायाचित्रणाकडे वळले. फत्तेलाल चित्रकार, त्यांनी कलादिग्दर्शन हाती घेतलं. आणि बाबूराव? ते दृश्याची रेखाटनं स्वतः काढत. मूकपटात संवाद ऐकू येत नाहीत, त्यामुळे कथा लिहिणं म्हणजे बऱ्याच अंशी ती चितारणंच. लेखन आणि दिग्दर्शन यांच्यात तेव्हा आजच्यासारखी भिंत नव्हती.

शिकाऊ माणसाच्या हाती लगेच सिनेमा का देत नसत, याचंही एक साधं गणित आहे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. हाताने हँडल फिरवून सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपायच्या, म्हणजे दर सेकंदाला एक फूट फिल्म खर्ची. ती यायची परदेशातून. आज मोबाईलवर दहा वेळा शूट करून नऊ वेळा पुसून टाकता येतं. तेव्हा प्रत्येक चूक फुटात मोजली जायची. म्हणून आधी लॅब, जोडकाम, सेट, अभिनय असं सगळं हाताखालून घालायचं आणि मगच दिग्दर्शन.

किती काळ लागला बघा. शांतारामांनी धायबरांच्या साथीने ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला १९२७ मध्ये. म्हणजे सात वर्षं. (माझ्या पीएचडीला किती लागतात असं विचारणाऱ्या नातेवाइकांनी हा आकडा लिहून ठेवावा.) दामले–फत्तेलाल यांचा ‘महारथी कर्ण’ आला १९२८ मध्ये. हे दोन्ही चित्रपट गुरूच्याच कंपनीत झाले. आपल्याच छपराखाली, आपल्याच फिल्मवर शिष्यांना दिग्दर्शक होऊ देणं, ही बाबूरावांची मोठी गोष्ट.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १ जून १९२९ रोजी, हे चौघेजण सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत ‘प्रभात’ काढून मोकळे झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. हे ऐकलं की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो शिष्यांनी गुरूला सोडलं, दुसरा म्हणतो गुरूने शिष्यांना अडवलं. माझं वाचन थोडं वेगळं आहे. कंपनी दिग्दर्शक घडवत होती, पण घडलेल्यांना मालकीत वाटा देण्याची वाट तिच्याकडे नव्हती. प्रभातने नेमकं तेच बदललं : काम करणारेच भागीदार झाले. पुढे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’, १९३३ मध्ये पुण्याला स्थलांतर, १९३६ मध्ये दामले–फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आणि १९३७ मध्ये त्याचा व्हेनिसला गौरव.

पण प्रभातमधूनही माणसं बाहेर पडलीच. १९४२ मध्ये शांतारामांनी मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केलं. मग भागीदारीही पुरेशी नव्हती का? मला वाटतं, चांगल्या उमेदवारीचा शेवट बहुधा असाच होतो. ज्याला सगळं येऊ लागलं, त्याला स्वतःचं काही करावंसं वाटणारच.

मात्र याला द्रोह म्हणण्याआधी १९४७ आठवा. त्या वर्षी राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला आणि त्याच्या दिग्दर्शनात शांतारामांसोबत नाव होतं बाबूराव पेंटर यांचं. शिष्याच्या कंपनीत गुरू कामाला आला होता.

आज कोल्हापुरात, पुण्यात तरुण मुलं चार मित्र जमवून छोट्या फिल्म कंपन्या काढतायत. त्यांनी या इतिहासातून दोन गोष्टी उचलाव्यात असं मला वाटतं. नव्या माणसाला एकाच कामाला जुंपू नका, सगळ्या खात्यांतून फिरवा. आणि तो दिग्दर्शक होईल त्या दिवशी कंपनीत त्याची जागा काय असेल, हे पहिल्याच चित्रपटाआधी कागदावर लिहून ठेवा.